वाट कोणी कोणाला द्यावी?

दोन माणसे अरुंद वाटेवर समोरासमोर आली म्हणजे बाजूला कोणी व्हायचे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. घरात तो नात्याने सुटतो. वडीलधाऱ्यांना वाट देण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. रस्त्यावर तो बहुधा वाहनाच्या आकाराने सुटतो. मोठ्या गाडीला लहान गाडी वाट देते आणि पायी चालणारा सर्वांनाच देतो. समारंभात तो मानपानाने सुटतो. या सर्व ठिकाणी उत्तर आधीच तयार असते आणि आपण त्याप्रमाणे वागतो. ते उत्तर योग्य आहे की नाही, याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर क्वचितच येते.

हा विचार करावयास भाग पाडणारी एक जागा म्हणजे स्केटिंगचे रिंक. तेथे सगळेच गतिमान असतात. कोणालाही एकदम थांबता येत नाही. शिवाय आठ वर्षांची मुलगी आणि पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ एकाच वेळी एकाच फरशीवर असतात. मोठे म्हणतात, ही मुले आमच्या अंगावरून जातात, त्यांना वळण नाही. मुलांचे पालक म्हणतात, ही मोठी माणसे मध्येच उभी राहतात, त्यांच्यामुळे आमच्या मुलांचा सराव बुडतो. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. जगभरच्या बर्फाच्या रिंकवर त्या ऐकू येतात आणि जेथे चाकांवर स्केटिंग चालते, तेथेही त्या वेगळ्या नसतात. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा किरकोळ प्रश्न वाटतो. परंतु सामाईक जागेत कोणाचे काय देणे लागते, हा मूळचा नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि तो चेन्नईसारख्या शहराच्या संदर्भात पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

चेन्नई आणि बर्फ

चेन्नई हे बर्फाचे शहर नव्हे. तरीही मरीना किनाऱ्यासमोर एक गोलाकार दर्शनी भागाची जुनी इमारत उभी आहे आणि तिला लोक अद्याप ‘आइस हाउस’ म्हणतात. १८४२ च्या सुमारास ती बर्फ साठविण्यासाठी बांधण्यात आली. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांतून कापलेले बर्फाचे ठोकळे लाकडाच्या भुशात बांधून जहाजांनी हिंदुस्थानात पाठविण्याचा व्यापार सुरू केला होता. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि हा व्यापार संपला. ती इमारत बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेतली, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिले होते. म्हणजे मद्रासला बर्फ आला तो पेयांसाठी व आजाऱ्यांसाठी, आणि तोही मोजक्या श्रीमंतांच्या घरी. ज्या थंड प्रदेशात तो तयार होई तेथे लोक हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर पायांना पाती बांधून घसरत. मद्रासमध्ये मात्र त्याचा एक तुकडा पेल्यात पडला तरी चैन वाटे.

आजही आपल्या देशात बर्फावरच्या स्केटिंगच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. सिमल्याचे उघडे रिंक १९२० पासून आहे आणि तेथे रात्रीच्या थंडीने पाणी आपोआप गोठते. डेहराडूनचे रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधण्यात आले. ते बरीच वर्षे बंद पडले होते आणि २०२५ मध्ये पुन्हा वापरात आले. दक्षिणेत स्केटिंग म्हणजे मुख्यतः सिमेंटच्या फरशीवरचे, चाकांचे. परंतु फिगर स्केटिंगमधील बहुतेक सर्व कौशल्ये चाकांवरही करतात. त्याला ‘आर्टिस्टिक स्केटिंग’ म्हणतात, आणि त्यातील ॲक्सेल, साल्को व लुट्झ या उड्यांची नावेही तीच आहेत. त्यामुळे बर्फावरचा प्रश्न आणि सिमेंटवरचा प्रश्न मुळात एकच ठरतो.

चेन्नईने या खेळात नाव कमावले आहे, जरी ते नाव वेगाच्या शर्यतीतले आहे. हांगझोऊ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धांत ३००० मीटर रिलेमध्ये भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळविली. महिलांच्या संघात चेन्नईची आरती कस्तुरी राज होती, तर पुरुषांच्या संघात चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार आणि त्याच्या जोडीला विक्रम इंगळे व सिद्धांत कांबळे ही मराठी नावेही होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आनंदकुमारने चीनमध्ये झालेल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत १००० मीटर स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले. असे यश एखाद्या शहरात आले की पालकांच्या मनात आशा निर्माण होते आणि चाकांचे बूट घेतलेली मुले वाढतात. मुलांना सोडावयास आलेल्या आई-वडिलांपैकी एखाद्याला आपणही शिकून पाहावे असे वाटू लागते.

येथे हवामानही आपला वाटा उचलते. मे महिन्यातील अग्नि नक्षत्राच्या दिवसांत सकाळी आठनंतर उघड्या फरशीवर उभे राहवत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस फरशी ओली ठेवतो. वापरावयास योग्य असे तास थोडे, आणि ते सर्वांना एकाच वेळी हवे असतात. मुलांना शाळेपूर्वी, मोठ्यांना कचेरीपूर्वी. वाटणी करावयाची वस्तू अपुरी असली म्हणजेच न्यायाचा प्रश्न उत्पन्न होतो. विपुलतेत सगळेच उदार असतात.

रिंकवरील रीत

रिंकवरची रीत ठाऊक नसेल तर तक्रारींचे मर्म कळणार नाही. आंतरराष्ट्रीय मापाचे बर्फाचे रिंक ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असते. चाकांची रिंक बहुधा याहून लहान. सर्वसाधारण फेऱ्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, कठड्याच्या बाजूने होतात. मधली जागा गिरक्यांसाठी राखलेली असते. उड्या मारणारे लांबून वळण घेत येतात. लुट्झ उडीसाठी तर खेळाडू पाठमोरा, बराच वेळ एका कोपऱ्याकडे जात राहतो आणि तेथे उडी घेतो. त्या क्षणी त्याला मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून जाणती माणसे त्या कोपऱ्यात रेंगाळत नाहीत.

ज्याचे संगीत वाजत असेल, त्याला इतरांनी वाट द्यावी, असा सर्वत्र मान्य झालेला संकेत आहे. प्रशिक्षकासोबत धडा घेणाऱ्याला त्याच्या खालोखाल मान असतो. पडलेल्याने शक्य तितक्या लवकर उठावे. बर्फावर पडल्यास बोटे आवळून घ्यावीत, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याला धार असते. बोलत उभे राहावयाचे असेल तर कठड्यापाशी जावे. रिंकमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहावे.

या नियमांत वयाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोण लहान, कोण मोठा, कोण विजेता, कोण नवशिका, हे ते विचारीत नाहीत. कोण काय करीत आहे आणि त्या क्षणी त्याला काय दिसते, एवढेच ते विचारतात. हे नियम कोणा तत्त्वज्ञाने बसून लिहिलेले नाहीत. ते धडकांतून, मोडलेल्या मनगटांतून आणि रडणाऱ्या मुलांतून हळूहळू तयार झाले आहेत.

दोन्ही पक्षांचे म्हणणे

आता तक्रारी नीट ऐकू या. चाळिशी ओलांडलेला नवशिका म्हणतो: मी मुलांइतकीच फी भरतो. माझे शरीर जड आहे, तोल अजून आलेला नाही. दहा वर्षांचे मूल पडते आणि हसत उठते. मी पडलो तर हात प्लॅस्टरमध्ये जातो, सहा आठवडे कचेरीचे काम अडते आणि घरातले म्हणतात, ‘या वयात हवे होते कशाला?’ शेजारून वाऱ्यासारखे मूल गेले की माझे पाय लटपटतात. त्या मुलाने मला स्पर्शही केलेला नसतो, तरी मी पडतो. त्याला ते कळतसुद्धा नाही.

मुलांची बाजू तितकीच खरी आहे. पहाटे पाचला उठून ते मूल आलेले असते. शाळेची बस सुटण्यापूर्वी त्याच्या हाती जेमतेम तास-दीड तास असतो. स्पर्धा जवळ आलेली असते. उडीसाठी त्याने तीनदा वळण घेतले आणि तिन्ही वेळा कोणीतरी काका वाटेत आले म्हणून त्याला उडी सोडावी लागली. अर्धवट सोडलेली उडी ही पूर्ण उडीपेक्षा अधिक धोक्याची असते, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय मोठ्यांना ‘बाजूला व्हा’ असे म्हणण्याची मुभा आपल्या समाजात मुलाला नसते. ते गप्प राहते आणि त्याचा राग वेगात उतरतो.

या दोघांमध्ये कोणी वाट द्यावी? आपल्याकडे साधारणतः चार प्रकारचे दावे केले जातात. ते एकेक करून तपासून पाहिले पाहिजेत.

वयाचा दावा

पहिला दावा वयाचा. वडीलधाऱ्यांचा मान राखावा, ही आपल्या संस्कृतीची आणि आपल्या विश्वासाचीही शिकवण आहे, आणि ती सोडून देण्याचे काही कारण नाही. परंतु मान आणि वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वय माणसाला अनुभव देते. पाठीला डोळे देत नाही. पाठमोऱ्या येणाऱ्या मुलासमोर एखादे वयस्क गृहस्थ आपल्या केसांच्या पांढरेपणावर विसंबून उभे राहिले, तर धडक चुकणार नाही. तेथे वडीलकीचा खरा अर्थ एवढाच की ज्याला धोका आधी कळतो त्याने आधी हलावे. वय जर काही देत असेल तर ते अधिक जबाबदारी देते. घरातही खरे वडीलधारे असेच वागतात. ताटातला चांगला घास ते आधी मुलाच्या पानात वाढतात आणि त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

गुणवत्तेचा दावा

दुसरा दावा अलीकडे अधिक जोरात केला जातो, आणि तो गुणवत्तेचा आहे. हे मूल उद्या देशासाठी खेळेल, या मोठ्या माणसाचे काय? तो तर केवळ हौसेखातर आलेला. या युक्तिवादात दोन दोष आहेत.

एक, तो मोठ्या माणसाच्या आनंदाला काही किंमतच देत नाही. पदक मिळणार नसेल तर शरीराचा आनंद व्यर्थ, असे त्यात गृहीत आहे. वास्तविक स्केटिंगचा इतिहास याच्या विरुद्ध आहे. उल्रिख साल्को, ज्याच्या नावाची उडी आज दहा वर्षांची मुले मारतात, तो १९०८ साली ऑलिंपिकमध्ये विजयी झाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रोमने १९३२ मध्ये रौप्यपदक मिळविले तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. दुसरीकडे १९२४ मध्ये शामोनी येथे नॉर्वेची सोन्या हेनी अकराव्या वर्षी स्पर्धेत उतरली आणि शेवटची आली. पुढे तीच तीनदा ऑलिंपिक विजेती झाली. त्या काळी एकाच बर्फावर अकरा वर्षांचे मूल आणि प्रौढ माणसे दोघेही आपापल्या हक्काने उभी असत. अलीकडे केवळ प्रौढांसाठीही स्पर्धा होतात. अमेरिकेत १९९५ पासून आणि जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे २००५ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर. तेथे येणाऱ्यांना ठाऊक असते की आपण जगज्जेते होणार नाही. तरी ते येतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मुलाला सर्व वाट द्या, कारण ते पदक आणणार आहे, असे म्हणताना आपण मुलाचा मान राखत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला गुंतवणूक बनवीत असतो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कमिला वालियेवा या पंधरा वर्षांच्या रशियन मुलीच्या बाबतीत जे घडले ते जगाने पाहिले. उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणाचे सर्व ओझे खांद्यावर घेऊन ती बर्फावर उतरली आणि पुन्हा पुन्हा पडली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा निर्णय घेतला. मोठ्यांची महत्त्वाकांक्षा लहानांच्या शरीरावर किती लादावी याला मर्यादा हवी, ही त्या निर्णयामागची कबुलीच म्हणावी लागेल. ज्या मुलाला रिंकवर कोणासाठीही थांबावे लागत नाही, त्याला पुढे स्वतःसाठीही थांबता येत नाही.

रिलेच्या शर्यतीकडे पाहा. चाकांच्या रिलेमध्ये काठी हाती देत नाहीत. दमलेला खेळाडू पुढच्याला मागून ढकलतो आणि आपला वेग त्याला देऊन स्वतः बाजूला होतो. गुणवत्तेचेही असेच आहे. आज वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला पूर्वी कोणीतरी ढकललेले असते, हात धरून कठड्याभोवती फिरविलेले असते, पडल्यावर थांबून उचललेले असते. ते ऋण फेडावयाचे तर ते मागे फेडता येत नाही. आज जो कठडा धरून उभा आहे, त्याच्याशी धीराने वागूनच ते फेडावे लागते.

पैशाचा आणि दुर्बलतेचा दावा

तिसरा दावा पैशाचा. मी फी भरली आहे, किंवा मी अधिक महाग प्रशिक्षक नेमला आहे, म्हणून मला जागा मिळावी. हा दावा फारसे कोणी उघडपणे मांडत नाही. तो वागण्यातून व्यक्त होतो. फी भरून आपल्याला दाराच्या आत येण्याची परवानगी मिळते. आतल्या फरशीचा एखादा तुकडा आपल्या मालकीचा होत नाही. सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला मंडळीत पुढची जागा आणि गरिबाला पायांपाशी बसविणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात जे सुनावले, ते बसण्याच्या जागेविषयी होते. धावण्याच्या जागेलाही ते लागू पडते.

चौथा दावा दुर्बलतेचा, आणि ख्रिस्ती मनाला तो सर्वांत जवळचा वाटतो. जो दुर्बल त्याला वाट द्यावी. हे तत्त्व खरे आहे, परंतु ते अर्धे आहे. नवशिका दुर्बल आहे म्हणून त्याने मध्यभागी उभे राहून गप्पा माराव्यात, असा त्याचा अर्थ होत नाही. मूल लहान आहे म्हणून त्याने मागे न पाहता वळावे, असाही होत नाही. दुर्बलता ही सूट मागण्याचे साधन झाली की ती एक प्रकारची सत्ताच बनते. दुर्बलाचीही कर्तव्ये आहेत: कठड्याजवळ राहणे, पडल्यास लवकर उठणे, कोपरा मोकळा ठेवणे. ही कर्तव्ये त्याच्या शक्तीच्या बाहेरची नाहीत.

सबळ कोण?

चारही दावे अपुरे ठरले, तर मग कसोटी कोणती? ती रिंकच्या त्या जुन्या संकेतांतच आहे. ज्याला त्या क्षणी दिसते आणि ज्याला त्या क्षणी थांबता येते, त्याने थांबावे.

ही कसोटी साधी दिसते, पण तिच्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. पाठमोरी उडीसाठी येणारी चपळ मुलगी त्या क्षणी आंधळी असते. तिच्यासमोर हळूहळू चालणारा प्रौढ नवशिका समोर पाहत असतो. म्हणजे त्या क्षणी तो नवशिका सबळ आहे आणि ती निष्णात मुलगी दुर्बल. तीन सेकंदांनी ती वळून तोंड पुढे करून वेगाने येते आणि आता तिला त्या गृहस्थांची पाठ दिसते; त्यांना ती दिसत नाही. आता ती सबळ, ते दुर्बल. एका फेरीत ही अदलाबदल कितीतरी वेळा होते.

संत पौलाने रोमकरांस व करिंथकरांस लिहिताना सबळांनी दुर्बलांचा भार वाहावा आणि आपला हक्क दुसऱ्याला अडखळण होऊ देऊ नये, असे विस्ताराने समजावले आहे. तेथे प्रश्न खाण्यापिण्याचा होता. ज्याला एखादी गोष्ट करण्याची पूर्ण मोकळीक आहे, त्याने ती भावाखातर सोडावी, हे पौलाचे सांगणे. हे वाचताना आपण बहुधा स्वतःला एका गटात कायमचे बसवून टाकतो. काहींना वाटते, आपण सबळ आहोत, म्हणून आपण उपकार करावे. काहींना वाटते, आपण दुर्बल आहोत, म्हणून इतरांनी आपल्यासाठी थांबावे. रिंकवर ही सोय राहत नाही. सबळ कोण, हे प्रत्येक वळणावर पुन्हा पाहावे लागते, आणि बहुतेक वेळा पाहणारा स्वतःच सबळ निघतो. कारण ज्याने पाहिले, त्यालाच काही करता येते.

म्हणून पाहणे हेच पहिले कर्तव्य ठरते. १९३२ च्या ज्या ऑलिंपिकमध्ये ग्राफस्ट्रोमने रौप्यपदक मिळविले, त्याच वेळी बर्फावर उभ्या असलेल्या एका छायाचित्रकारावर तो आदळला व जखमी झाला. त्यात कोणाच्या मनात द्वेष नव्हता. जगातील पुष्कळशा इजा द्वेषाने होतच नाहीत. आपण कोठे उभे आहोत याकडे लक्ष नसल्यामुळे होतात.

वेगवेगळ्या वेळा का नसाव्यात?

येथे एक व्यावहारिक आक्षेप येईल. एवढा खल करण्यापेक्षा मुलांना व मोठ्यांना वेगळे तास द्यावेत, प्रश्नच मिटेल. या आक्षेपात तथ्य आहे. अवघड उड्यांच्या सरावासाठी वेगळा तास असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यकच आहे, आणि जेथे सोय असते तेथे तसे करतातही. परंतु अशी विभागणी कौशल्याच्या पातळीनुसार करतात आणि तेच योग्य आहे. वयाप्रमाणे केल्यास उत्तम स्केटिंग करणारी प्रौढ स्त्री नवशिक्यांत अडकते आणि पाच वर्षांचे घाबरलेले मूल वेगवान मुलांत सापडते.

संपूर्ण विभागणीने आणखी एक नुकसान होते. मुले मोठ्यांना नेहमी ज्ञानी, आज्ञा देणारी आणि न पडणारी अशीच पाहतात. रिंकवर ती प्रथमच एखाद्या मोठ्या माणसाला पडताना, हसताना, पुन्हा उठताना पाहतात. शिकणे हे शाळेबरोबर संपत नाही आणि न येणे ही लाजेची गोष्ट नव्हे, हे सांगून पटत नाही. डोळ्यांनी पाहिले म्हणजे पटते. मोठ्यांनाही येथे एक दुर्मीळ गोष्ट करावी लागते. गुडघा कसा वाकवावा हे त्यांना बारा वर्षांच्या मुलीला विचारावे लागते आणि तिने सांगितलेले ऐकावे लागते. आपल्या समाजात, विशेषतः चाळिशीच्या स्त्रीला, शरीराने काही नवे शिकण्याची मोकळीक फार थोड्या ठिकाणी मिळते. अशी एक जागा आपण मुलांच्या नावाने बंद करू नये.

या बाबतीत चेन्नईला एक वारसा आहे. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० मध्ये मद्रासच्या वाय.एम.सी.ए.त शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. तेच आज नंदनम येथील शारीरिक शिक्षण महाविद्यालय होय. बक हे १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. म्हणजे पदकांच्या स्पर्धांचे महत्त्व ते जाणत होते. तरीही ज्या चळवळीतून ते आले, तिच्या तांबड्या त्रिकोणाच्या तीन बाजू शरीर, मन व आत्मा अशा आहेत, आणि शरीराची ही निगा कोणत्याही एका वयाची मक्तेदारी मानलेली नाही. मैदान सर्वांसाठी असते, त्यातून विजेते निघतात ही पुढची गोष्ट.

धडक झाल्यानंतर

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी धडक होतेच, आणि माणसाची खरी परीक्षा त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात होते. मूल बहुधा पळून जाते. ते निर्दय असते म्हणून नव्हे. आपल्याला ओरडा बसणार, हे त्याला ठाऊक असते. मोठा माणूस फरशीवर बसून, मनगट धरून, जो पहिला शब्द उच्चारतो त्यावर त्या मुलाचे पुढचे वागणे अवलंबून असते. ‘दिसत नाही का तुला?’ असे म्हटले की ते पुढच्या वेळी आणखी जोरात पळेल. ‘तुला लागले का रे?’ असे विचारले की ते परत येईल, आणि परत येण्याची सवय लागेल.

पालकांचेही येथे काम आहे. कठड्याबाहेर उभे राहून दुसऱ्याच्या मुलाला किंवा शिकणाऱ्या मोठ्या माणसाला दटावणे हे त्यांचे काम नव्हे. तक्रार असल्यास ती प्रशिक्षकांपाशी शांतपणे मांडावी. आपल्या मुलाला मात्र तीन गोष्टी घरून शिकवून पाठवाव्यात: वळण्यापूर्वी पाहणे, मागून जाताना आवाज देणे, आणि आपल्यामुळे कोणी पडले तर थांबून परत येणे. चेन्नईत मुले अनोळखी मोठ्या माणसालाही ‘अण्णा’, ‘अक्का’ किंवा ‘अंकल’ म्हणून हाक मारतात. धोक्याची सूचना त्या एका शब्दाने दिली तर ती सूचना राहते आणि तिच्यात उद्धटपणा उरत नाही. मोठ्यांनीही, वाट अडविल्याबद्दल मुलाची क्षमा मागावयास लाजू नये. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘माझे चुकले’ हे शब्द ऐकलेले मूल ते शब्द स्वतःही सहज उच्चारते.

चेन्नईच्या बेझंटनगर भागात एलियट्स बीचवर एक पांढरे कमानदार स्मारक आहे. के. ए. जे. श्मिट या परदेशी गृहस्थाचे ते स्मारक. ३० डिसेंबर १९३० रोजी इतरांचे प्राण वाचविण्यास मदत करताना तो तेथे समुद्रात बुडाला. संध्याकाळी त्या स्मारकाच्या आसपास मुले खेळतात आणि मोठी माणसे फेऱ्या घालतात. श्मिट कोण, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याने जे केले ते आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला कधीच येणार नाही. परंतु त्याच्याही बाबतीत घडले ते एवढेच की त्याने कोणालातरी संकटात पाहिले, आपल्याला काही करता येण्यासारखे आहे हे ओळखले, आणि ती माणसे आपली कोण लागतात असे विचारले नाही. आपल्याकडून मात्र मागितले जाते ते फार थोडे: एक पाऊल बाजूला होणे, एक उडी सोडून देणे, कठड्यापाशी जाऊन बोलणे.

हा विचार रिंकपुरता राहू नये. आपल्या चर्चच्या गायनवृंदात गिटार घेऊन आलेले तरुण आणि जुन्या चालींना जपणारे ज्येष्ठ यांच्यात वाट कोणी कोणाला द्यावी? मंडळीच्या सभेत पंचवीस वर्षे पदावर असलेल्यांनी केव्हा बाजूला व्हावे, आणि नव्याने आलेल्यांनी जुन्यांच्या अंगावरून न जाता पुढे कसे यावे? एका घरात अभ्यास करणारे नातवंड आणि मोठ्या आवाजात बातम्या ऐकणारे आजोबा यांनी एक खोली कशी वापरावी? प्रत्येक वेळी आपण वयाकडे, गुणवत्तेकडे, पैशाकडे किंवा आपल्या दुखण्याकडे बोट दाखवितो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारून पाहावा: या क्षणी आम्हा दोघांपैकी कोणाला अधिक दिसते आहे? उत्तर ‘मला’ असे आले, तर वाट देण्याची पाळी आपली आहे.